लाहोरची बादशाही मशीद

कलाकृतीचें परीक्षण करतांना तिच्या कर्त्याला विसरून जावें, असा उपदेश पुष्कळदां केला जातो. काव्यासंबंधानें तो कसाबसा पाळतां येतो. कारण कवि निवर्तला म्हणजे त्याचें चरित्र मागें पडतें व पद्य तेवढें उरतें. परंतु राजानें बांधविलेल्या इमारतीची गोष्ट निराळी आहे. तिच्या दरवाजावर कर्त्याचें नांव दगडांत कोरलेलें असतें, आणि तें वाचतांच पाहणाराचें मन अनुकूल किंवा प्रतिकूल होऊन बसतें. मग समोरचें काम त्याला दिसतच नाहीं. दिसते ती त्या नांवाची पडछाया.

महाराष्ट्रीय वाचकापुरतें बोलावयाचें झाल्यास, ज्याचा उच्चार होतांच निःपक्षपात कठीण व्हावा असें नांव औरंगजेबाचें होय. लाहोरची बादशाही मशीद ही त्याची कृति. तिच्या पूर्वेकडील दरवाजावरच्या लेखांत आलमगीर बादशहाचें नांव असून, हें काम फिदाईखान कोका याच्या देखरेखीखालीं हिजरी १०८४ मध्यें, म्हणजे इ. स. १६७३-७४ मध्यें, पुरें झाल्याची नोंद आहे. हा फिदाईखान बादशहाचा दूधभाऊ होता. त्या काळीं लाहोरची सुभेदारी त्याच्याकडे होती, आणि आज हरियाणांत असलेली पिंजोरची प्रसिद्ध बागहि त्यानेंच लावविली. हिजरी १०८४ हें वर्ष संपून दोन महिने होतात न होतात तोंच, १६७४ च्या जूनमध्यें, रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. म्हणजे ज्या घटकेला महाराष्ट्रानें औरंगजेबाची सत्ता जाहीरपणें नाकारली, जवळजवळ त्याच घटकेला रावीच्या कांठीं त्या सत्तेची सर्वांत भव्य वास्तु उभी राहत होती. अशा इमारतीसंबंधानें आपलें मन निर्विकार असेल अशी अपेक्षाच करणें चूक आहे. पण मन निर्विकार नसलें तरी डोळे उघडे ठेवतां येतात.

ह्या मशिदीविषयीं तीन मतें रूढ आहेत, आणि तीं तिन्ही आम्हांस अपुरीं वाटतात. पहिलें मत शिल्पेतिहासकारांपैकीं अनेकांचें. शहाजहान म्हणजे मोगल वास्तुकलेचा मध्याह्न आणि औरंगजेब म्हणजे तिची सायंकाळ, अशी एक सोईची विभागणी करण्यांत आली आहे. तीप्रमाणें ही मशीद म्हणजे दिल्लीच्या जामा मशिदीची आकारानें मोठी परंतु तेजानें उणी अशी नक्कल ठरते. दुसरें मत स्तुतिपाठकांचें. चौक केवढा, मिनार किती उंच, एका वेळीं किती लोक मावतात, ह्या आंकड्यांपलीकडे तें जात नाहीं. मोठेपणा आणि थोरवी ह्या दोन वस्तु एकच आहेत असें तें गृहीत धरतें. तिसरें मत आपल्याकडचें, आणि तें बहुधा बोलून दाखविलें जात नाहीं. ज्या बादशहाच्या हुकुमानें १६६९ सालीं काशीविश्वेश्वराचें व १६७० सालीं मथुरेच्या केशवदेवाचें देवालय पडलें, ज्यानें १६७९ त जिझिया पुन्हां बसविला आणि १६८९ त संभाजीमहाराजांचा हाल हाल करून वध करविला, त्याच्या मशिदींत पाहण्यासारखें तें काय असणार, असें तें मत आहे. ह्या तिन्ही मतांना इमारतीकडे पाहण्याची गरज भासत नाहीं, हा त्यांचा समान दोष होय.

आज लाहोर पाकिस्तानांत आहे, आणि मराठी वाचकाला तेथें जाऊन खात्री करून घेणें सोपें राहिलेलें नाहीं. नकाशा, मोजमापें व छायाचित्रें यांवरच बहुतेकांना भिस्त ठेवावी लागते. तथापि ज्या दोन इमारतींशीं तिची तुलना करावयाची, त्या दोन्ही आपल्या आटोक्यांत आहेत: दिल्लीची जामा मशीद आणि औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथील बीबी-का-मकबरा. ह्या दोन्ही डोळ्यांखालून घातल्यावर लाहोरच्या मशिदीचा नकाशा पुढें ठेवला, तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडूं लागतात.

प्रथम नकाशाच पाहूं. उंच जोत्यावर जवळजवळ चौरस असा एक अफाट चौक. त्याची प्रत्येक बाजू सुमारें ५३० फुटांची, म्हणजे क्षेत्र पावणेतीन लाख चौरस फुटांच्या घरांत. चौकाच्या मध्यभागीं हौद. पूर्वेस एकच दुमजली दरवाजा, व त्याला चढून जाण्यास बावीस पायऱ्या. पश्चिमेस प्रार्थनेचें दालन. दालनाच्या दर्शनी भागीं मध्यें एक उंच भव्य कमान, तिच्या दोन्ही बाजूंस पांच पांच लहान कमानी, आणि वर संगमरवराचे तीन शुभ्र घुमट, त्यांतील मधला मोठा. चौकाच्या चारहि कोपऱ्यांवर तांबड्या दगडाचे चार अष्टकोनी मिनार, प्रत्येकाची उंची सुमारें १७६ फूट. आंतून २०४ पायऱ्या. दालनाच्या चार कोपऱ्यांवर आणखी चार लहान मिनार आहेत. बस्स, इतकेंच. ह्याहून अधिक अवयव ह्या मशिदीला नाहींत, आणि तिचें मर्महि ह्या अल्पसंख्येंतच आहे.

आतां दिल्लीकडे वळूं. शहाजहानची जामा मशीद १६५० मध्यें सुरू होऊन १६५६ मध्यें पुरी झाली. तिचाहि घाट हाच: मध्यें उंच कमान, दोहों बाजूंस पांच पांच कमानी, वर तीन घुमट. येथवर साम्य इतकें आहे कीं नक्कल हा शब्द ज्यांनीं वापरला त्यांना अगदींच दोष देतां येणार नाहीं. पण थोडें बारकाईनें पाहिलें तर तीन फरक दिसतात. दिल्लीचा चौक सुमारें ३२५ फूट बाजूचा. लाहोरचा क्षेत्रफळानें त्याच्या अडीचपटीहून मोठा. दिल्लीस तीन दिशांना तीन दरवाजे, लाहोरास एक. आणि तिसरा व सर्वांत महत्त्वाचा फरक मिनारांच्या जागेचा. दिल्लीचे सुमारें १३० फूट उंचीचे दोन मिनार प्रार्थनादालनाच्या दर्शनी भागाच्या दोन टोकांस आहेत. लाहोरचे चार मोठे मिनार दालनाला सोडून चौकाच्या कोपऱ्यांवर गेले आहेत.

मिनार पन्नास-शंभर पावलें इकडे-तिकडे सरकल्यानें काय होतें, असें कोणी विचारील. सर्व कांहीं होतें. दिल्लीस मिनार हे दालनाची चौकट आहेत. चित्राला जशी चौकट, तसे ते दर्शनी भागाला दोन्हीकडून धरून ठेवतात, आणि पाहणाराची दृष्टि त्या दोहोंमधल्या कमानींवर व घुमटांवर खिळते. चौक हा तेथें चित्र पाहण्यासाठीं मागें उभें राहण्याची जागा आहे. लाहोरास मिनारांनीं चौकटींत घेतलें आहे तें दालनाला नव्हे, तर चौकाला. नव्हे, चौकावरील आकाशालाच. प्रार्थनेचें दालन त्या विस्ताराच्या एका कडेला नम्रपणें बसलें आहे. मोकळी जागा ही येथें इमारतीच्या पुढचें अंगण राहिली नसून स्वतःच इमारत झाली आहे, व भिंती आणि मिनार हे तिचे केवळ कांठ आहेत. ईदेच्या दिवशीं ज्या मशिदींत अवघ्या शहरानें एका रांगेला दुसरी रांग लावून उभें राहावयाचें, तिच्यासाठीं ह्याहून योग्य कल्पना कोणती?

आणखी एक गोष्ट ह्या विस्तारानें साधली आहे. दिल्लीच्या चौकांत पुढें पुढें जाऊं लागलें म्हणजे मधली उंच कमान मधल्या घुमटाला झांकीत जाते. हा दोष तेथें कित्येकांच्या लक्षांत आला असेल. लाहोरास तो नाहींसा झालेला नाहीं, पण चौक इतका खोल आहे कीं दरवाजांतून आंत पाऊल टाकणारास घुमटाचें पूर्ण दर्शन आधीं पोटभर घडतें, आणि पुढें बराच वेळपर्यंत तो डोळ्यांआड होत नाहीं. दिल्लीच्या घुमटांवर काळ्या दगडाच्या उभ्या पट्ट्या आहेत. लाहोरचे घुमट निर्लेप पांढरे आहेत, आणि खालच्या तांबड्या दगडावर ते ढगांसारखे टेकलेले दिसतात. अंतर वाढलें म्हणून नक्षी कमी केली, हा हिशेब ज्या कारागिराला कळला त्याला निव्वळ नक्कल करणारा म्हणणें अन्यायाचें आहे.

मग कोपऱ्यावरच्या मिनारांची ही कल्पना आली कोठून? तिच्यासाठीं दिल्लीस जाण्याचें कारण नाहीं. ती लाहोरचीच आहे. रावीपलीकडे शहादऱ्यास जहांगिराची कबर आहे. ती १६३७ च्या सुमारास पुरी झाली. त्या इमारतीला घुमटच नाहीं: एक बसकी, सपाट छताची वास्तु, आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार उंच मिनार. तिच्याच काळांत, १६३४-३५ मध्यें, शहराच्या गजबजलेल्या भागांत वझीरखानानें आपली मशीद बांधावयास घेतली, आणि तिच्याहि चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार उभे केले. सुमारें चाळीस वर्षांनंतर फिदाईखानाच्या कारागिरांनीं दिल्लीचें दालन आणि लाहोरचे कोपरे यांचा मिलाफ केला. दोन घराण्यांच्या गायकीचा मेळ घालून तिसरीच चीज उभी करावी तसा हा प्रकार आहे. उसनवारी दोन्हीकडून आहे. पण जी वस्तु तयार झाली ती पूर्वी कोठेंहि नव्हती.

आतां सामग्रीचा विचार. पंजाब हा गाळाचा प्रदेश. लाहोराच्या आसपास दगडाची खाण नाहीं. म्हणून तेथील गवंड्यांची परंपरा विटेची, आणि विटेचें उघडेपण झांकण्यासाठीं रंगीत चकचकीत काशीकामाची. वझीरखानाची मशीद ही ह्या परंपरेचें शिखर होय. तिच्या भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांचीं झाडें, वेली व अक्षरें इतकीं दाट आहेत कीं बोट ठेवावयास जागा सांपडूं नये. बादशाही मशिदीचाहि गाभा विटेचाच आहे, पण तिच्या अंगावर काशीकाम नाहीं. दुरून आणलेल्या तांबड्या दगडाचें आवरण आणि त्यांत बसविलेल्या संगमरवराच्या मोजक्या रेघा, कमळें व फुलदाण्या, एवढाच तिचा बाहेरचा शृंगार. आंतल्या दालनांत मात्र चुन्याच्या गिलाव्यांतून उठविलेली नाजूक वेलबुट्टी आणि भिंतींवरील रंगकाम आहे. म्हणजे जें जवळून पहावयाचें तें नाजूक, आणि जें पांचशें फुटांवरून पहावयाचें तें ठळक. अलंकार करण्याची शक्ति नव्हती म्हणून तो टाळला, असेंहि म्हणतां येत नाहीं. ह्याच बादशहानें कारकीर्दीच्या आरंभीं दिल्लीच्या किल्ल्यांत बांधविलेली संगमरवरी मोती मशीद ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना अलंकाराची हौस तेथें किती फिटली आहे हें ठाऊक आहे.

येथें बीबी-का-मकबऱ्याची आठवण अपरिहार्य आहे. कारण ऱ्हासाच्या सिद्धान्ताचा मुख्य साक्षीदार तोच. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ सालीं वारली, आणि तिच्या कबरीवरील ही इमारत १६६०-६१ च्या सुमारास उभी राहिली. तिच्यावर अताउल्ला ह्या शिल्पज्ञाचें नांव आहे. ताजमहालाचा शिल्पकार म्हणून ज्याचें नांव घेतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. बापानें आग्र्यास जें केलें तेंच मुलानें दक्षिणेंत लहान प्रमाणावर करावें, अशी ती आज्ञा दिसते. जोत्यापाशीं कमरेइतक्या उंचीपर्यंत व घुमटास संगमरवर, आणि मधल्या भागांत आपला काळा दगड व त्यावर पांढरा गिलावा, असें तिचें काम आहे. ती ताजाच्या तोडीची नाहीं हें सर्व मान्य करतात, आणि दोष बहुधा काटकसरीच्या माथीं मारला जातो.

आमच्या मतें हें निदान चुकीचें आहे. चुन्याच्या गिलाव्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मकबऱ्यांतील गिलाव्याचें नक्षीकाम तर पाहून डोळे निवावेत असें आहे. मकबरा उणा पडतो तो प्रमाणामुळें: देह अरुंद झाला आहे, आणि भोंवतालचे मिनार त्याच्या इतके निकट आले आहेत कीं घुमटाला श्वास घेण्यास जागा उरत नाहीं. आणि प्रमाण बिघडलें तें पैशानें नव्हे, तर जी आपली नव्हे ती आकृति आपलीशी करण्याच्या हट्टानें. उलट लाहोरची मशीद पहा. तीहि विटेचीच आहे. तिच्याहि कर्त्यानें संगमरवर घुमटांपुरता व रेघांपुरता राखून ठेवला आहे. तरी तिच्यांत कोठेंहि ओढाताण दिसत नाहीं. कारण तिला दुसऱ्या कशासारखें दिसावयाचें नव्हतें, तर एक मोठें काम भागवावयाचें होतें. बादशहा तोच आहे आणि मधलें अंतर केवळ बारा-तेरा वर्षांचें आहे. तरी एक इमारत फसली व दुसरी साधली. तेव्हां राजाच्या नांवावरून कलेचा चढ-उतार मोजण्याची ही पद्धत किती कच्ची आहे तें ह्यावरून दिसून येईल.

पण स्तुतीचा दुसरा पलडाहि तपासला पाहिजे. ह्या मशिदीला दोष आहेत, आणि तेहि तिच्या बादशाहीपणांतूनच आलेले आहेत. तिचा एकमेव दरवाजा शहराकडे नव्हे, किल्ल्याकडे उघडतो. त्याच्या समोर किल्ल्याचा जो भव्य आलमगिरी दरवाजा आहे, तोहि औरंगजेबानें त्याच सुमारास बांधविला. बादशहानें एका दरवाजांतून निघावें व दुसऱ्यांत शिरावें, असा तो थाट आहे. वझीरखानाच्या मशिदीशीं ह्या बाबतींत तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. ती बाजारांत बसली आहे; तिच्या प्रवेशापाशींच दुकानांची रांग आहे, आणि नमाजाला जाणारा मनुष्य सौदा करतां करतां आंत शिरतो. बादशाही मशीद शहराच्या कडेस, तटाशीं, एका बाजूस उभी आहे. लाख माणसें आंत यावींत अशी तिची योजना. परंतु त्यांना बोलावण्याची तिची तऱ्हा मात्र हुकुमाची आहे. तिचे जाड मिनार व उंच कांठ पाहिले म्हणजे ही प्रार्थनेची जागा कीं दुसरा किल्ला, असा क्षणभर संभ्रम पडतो. शिवाय तिच्या बाहेरील दगडी जडावाला शहाजहानच्या उत्तम कामाची सफाई नाहीं. दुरून तें खपतें. जवळून त्याचा भरडपणा कळतो.

किल्ला आणि मशीद यांचा हा जोड पुढें मशिदीलाच भोंवला. १७५८ च्या एप्रिलमध्यें रघुनाथराव व मल्हारराव होळकर यांच्या फौजा लाहोरांत शिरल्या, तेव्हां ही मशीद पंच्याऐंशी वर्षांची होती, आणि तिच्या कर्त्याच्या वंशजांची सत्ता नांवापुरती उरली होती. १७९९ त रणजितसिंहानें लाहोर घेतलें. त्यानंतर मशिदीच्या चौकांत घोडे बांधले गेले, भोंवतालच्या खोल्यांत शिपाई राहूं लागले व दारूगोळा सांठविला गेला. मशीद व किल्ला यांमधल्या मैदानांत रणजितसिंहानें हजुरीबाग केली व तींत संगमरवरी बारादरी उभारली. १८४१ मध्यें शीखांच्या गादीसाठीं तंटा लागला, तेव्हां शेरसिंहानें ह्या मिनारांवर हलक्या तोफा चढवून किल्ल्यांतील राणी चंदकुंवरच्या पक्षावर मारा केला. वास्तुविशारदानें शोभेसाठीं जी उंची किल्ल्यासमोर आणून ठेवली, तीच गोलंदाजाच्या उपयोगी पडली. १८४९ त पंजाब इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावरहि लष्करी वहिवाट कांहीं काळ चालूच होती. १८५६ मध्यें मशीद मुसलमानांना परत मिळाली. परंतु ती उद्यां आपल्याविरुद्ध गढी म्हणून वापरली जाऊं नये ह्या भयानें चौकाभोंवतींच्या जुन्या बंद खोल्या इंग्रजांनीं पाडविल्या, व त्यांच्या जागीं उघड्या ओवऱ्या आल्या.

टीकाकाराच्या दृष्टीनें हा इतिहास केवळ हळहळण्याचा विषय नव्हे. आज जी मशीद आपण छायाचित्रांत पाहतों ती सर्वस्वीं औरंगजेबाची नाहीं, हें त्यावरून कळतें. मूळ चौक चोहोंकडून खोल्यांनीं बंद होता; त्या खोल्यांत विद्यार्थी राहत, म्हणजे मशिदीच्या अंगाखालीं एक विद्यापीठच नांदत होतें. आजच्या ओवऱ्यांमुळें कडा हलक्या झाल्या, पण तें अभ्यासाचें वास्तव्य गेलें. एकोणिसाव्या शतकांतील छायाचित्रांत मिनारांच्या माथ्यावरील छत्र्या दिसत नाहींत. त्या मागाहून पुन्हां बसविल्या आहेत. चौकाची मूळ फरसबंदी बारीक भाजक्या विटांची होती, आणि ती नमाजाच्या आसनांच्या आकृतींत बसविलेली होती. आजचा तांबडा दगड १९३९ ते १९६० च्या दुरुस्तींत आला. विटांच्या त्या जमिनीवर प्रत्येक माणसाची जागा आंखलेली होती, म्हणजे अफाट चौकालाहि मनुष्याच्या देहाचें माप लावलेलें होतें. आज तें माप डोळ्यांना सहज दिसत नाहीं. म्हणून चौक ओका वाटतो असा जो आक्षेप कोणी घेतील, त्याचा कांहीं भाग फिदाईखानाच्या नव्हे, दुरुस्ती करणारांच्या पदरीं घातला पाहिजे.

ही दुरुस्ती मात्र तिच्या काळची एक मोठी कामगिरी होती, हेंहि सांगितलें पाहिजे. तिच्यासाठीं पंजाबचे तत्कालीन मुख्य प्रधान सर सिकंदर हयातखान यांनीं खटपट केली. १९४२ त ते वारल्यावर त्यांचें दफन मशिदीच्या पायऱ्यांपाशींच झालें. कामाची देखरेख हैदराबादचे शिल्पज्ञ नवाब झैन यार जंग यांच्याकडे होती. १९३८ त दिवंगत झालेले कवि इक्बाल यांची मशिदीच्या छायेंतील कबरहि त्यांनींच आंखली. त्या वेळीं मराठवाडा हैदराबाद संस्थानांत होता. म्हणजे ज्या राज्यांत बीबी-का-मकबरा व खुद्द औरंगजेबाची कबर येत होती, तेथलाच शिल्पज्ञ लाहोरची मशीद सांवरावयास गेला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे परत येऊं. मशीद चांगली आहे असें म्हटल्यानें औरंगजेबाचा कांहीं दोष कमी होतो काय? मुळींच नाहीं. लाहोरांत अशी आख्यायिका सांगत आले आहेत कीं, दारा शुकोहनें आपले गुरु मियां मीर यांच्या कबरीसाठीं जो दगड जमविला होता, तोच औरंगजेबानें ह्या मशिदीस लावला. ती खरी असो वा नसो, लोकांनीं ती जपून ठेविली यांत अर्थ आहे. १६५९ त मारलेल्या भावाची आठवण त्या शहरानें ह्या मशिदीच्या भिंतींतून पुसूं दिली नाहीं, आणि तरीहि त्या मशिदीला आपली म्हटलें. लाहोरच्या लोकांना जें जमलें तें आपल्याला जमूं नये असें नाहीं. काशीच्या भग्न देवालयाचें दुःख ज्याच्या मनांत आहे, त्यानें तर सुंदर वास्तु ओळखण्यास अधिकच शिकलें पाहिजे. कारण वास्तूचा अपराध तिच्या कर्त्याच्या नांवांत असतो असें एकदां मानलें, म्हणजे देवालयें पाडणाराच्याच तर्कशास्त्राचा आपण स्वीकार केला असें होतें.

ऱ्हासासंबंधीं मात्र एक गोष्ट खरी आहे: ह्या मशिदीनंतर तिच्या तोडीचें एकहि काम मोगलांच्या हातून झालें नाहीं. पण त्याचें कारण कारागिरांचा हात खालावला हें नव्हे; १६७३ त तो हात किती कसलेला होता याची साक्ष हीच मशीद देते. १६८१ त औरंगजेब दक्षिणेंत उतरला तो पुन्हां उत्तरेस गेला नाहीं. पंचवीस वर्षें साम्राज्याचा दरबार तंबूंत भरला, आणि खजिना किल्ल्यांना वेढे घालण्यांत व वाटाघाटींत रिता झाला. ज्या शहरांत राजा राहत नाहीं तेथें राजाची मशीद कोण बांधणार? मोगल वास्तुकलेचा अस्त कां झाला, ह्या प्रश्नाचें उत्तर दिल्ली-लाहोरच्या भिंतींवर शोधण्यापेक्षां सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या छावण्यांत शोधणें अधिक सयुक्तिक होय. आणि तें उत्तर लिहिण्यांत मराठ्यांचा वांटा मोठा आहे. रायगडावरील ज्या राज्याभिषेकाचा वर उल्लेख केला, त्याचा व ह्या मशिदीचा संबंध केवळ एका सालाचा नाहीं, तो असा.

१७०७ त अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, बादशहाचा अंत झाला. त्याची कबर खुलताबादेस आहे. तिच्यावर घुमट नाहीं, छप्पर नाहीं. वर आभाळ आणि मध्यें माती. भोंवतालची संगमरवरी जाळी बऱ्याच मागाहूनची, विसाव्या शतकांतली आहे. वेरूळची लेणीं पाहावयास जाणाऱ्या मंडळींपैकीं थोडी ती कबर पाहण्यासाठीं वाट वांकडी करून जातात, व एवढ्या मोठ्या बादशहाची कबर इतकी साधी कशी, असें आश्चर्य करीत परततात. लाहोरच्या चौकाचा नकाशा ज्यानें एकदां लक्षपूर्वक पाहिला असेल त्याला तें आश्चर्य वाटणार नाहीं. उघड्या आभाळाखालची मोकळी जागा, आणि तिला चार बाजूंनीं आंखलेले कांठ, हीच कल्पना तेथें पावणेतीन लाख चौरस फुटांवर मांडलेली आहे, आणि येथें एका माणसाच्या देहापुरती. त्या माणसाविषयींचा आपला निर्णय इतिहासानें केव्हांच दिलेला आहे, व तो बदलण्याचें कारण नाहीं. मशिदीविषयींचा निर्णय मात्र आपण अजून द्यावयाचा आहे, आणि तो देतांना तिच्याकडे एकदां नीट पाहिलें पाहिजे.